नॅनोची बाटली आणि हळदीचा वाफा



पाड्यावर एखादी नवी गोष्ट नेण्याआधी ती आपण स्वतः नीट समजून घ्यावी, असे आपल्या कार्यकर्ता शिबिरात नेहमी सांगितले जाते. मीही ते इतरांना सांगत आलो. पण हळदीच्या एका वाफ्यापाशी मीच ते विसरलो. त्या चुकीतून जो अभ्यास करावा लागला, तो या अंकात आपल्यापुढे ठेवतो आहे. औषधी पिकांवरील रोगांसाठी ‘नॅनो’ नावाच्या बाटल्या आता तालुक्याच्या बाजारात दिसू लागल्या आहेत. पाड्यावरून तुम्हालाही कोणीतरी विचारेल, “भाऊ, ही घेऊ का?” तेव्हा उत्तर देता यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

घडले ते असे

जव्हार तालुक्यातील एका पाड्यावर महिला बचत गटाने दहा गुंठ्यांत हळद लावली होती. वरचा माळ खडकाळ, म्हणून भातखाचराला लागून असलेला खालचा तुकडा निवडला. बेणे एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणले. जूनच्या पहिल्या आठवड्यात लागवड झाली, उगवण छान झाली. आषाढात शेत हिरवेगार होते.

श्रावणात एका सकाळी गटाच्या प्रमुख मावशी सुपात एक गड्डा घेऊन आल्या. पाने कडेकडेने पिवळी पडून वाळत आली होती. खोडाचा बुंधा मऊ व तपकिरी झाला होता, हलकेच ओढताच सगळे खोड हातात आले होते. गड्डा दाबला तर बोट आत जाई आणि कुबट वास येई. ही कंदकूज होती.

त्याच सुमारास माझ्या वाचनात नॅनो कणांविषयी काही लेख आले होते. चांदीचे अतिसूक्ष्म कण बुरशीला मारतात, असे त्यांत प्रयोगांसह दिले होते. बाजारात एका विक्रेत्याने ‘नॅनो सिल्व्हर’ लिहिलेली बाटली दाखवली. पाव लिटरची बाटली, किंमत 850 रुपये. माझ्या डोक्यात लेख होतेच. मी गटाला म्हटले, “घ्या, चांगले आहे.” गटाच्या पेटीतून दोन बाटल्यांचे 1,700 रुपये गेले. रोजंदारीच्या हिशेबाने ही जवळजवळ सहा दिवसांची मजुरी होते.

लेबलवर सांगितल्याप्रमाणे लिटरला 2 मिली घेऊन आम्ही दोनदा फवारणी केली. रोग थांबला नाही. गणपती येईपर्यंत खालच्या बाजूचे निम्मे वाफे बसले. मावशींनी मला एवढेच विचारले, “भाऊ, औषध खोटं होतं, का आमचा हात खोटा?”

मला उत्तर देता आले नाही. पुढे गटाचे पैसे मी परत केले, पण प्रश्न तसाच राहिला. त्याचे उत्तर शोधताना जे कळले, ते क्रमाने सांगतो.

नॅनो म्हणजे किती लहान?

एका मीटरचे शंभर कोटी सारखे भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. साधारण 1 ते 100 नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. माणसाचा केस सुमारे 80,000 ते 1,00,000 नॅनोमीटर जाड असतो. बुरशीचा एक बीजाणू डोळ्यांना दिसत नाही, तरी तोही काही हजार नॅनोमीटरचा असतो. म्हणजे बीजाणूपुढे नॅनोकण हा भोपळ्यापुढे मोहरीचा दाणा.

लहान झाल्याने फायदा काय? पाड्यावर समजावताना मी गुळाचा प्रयोग करतो. दोन पेल्यांत सारखे पाणी घ्यावे. एकात गुळाचा खडा टाकावा, दुसऱ्यात तेवढाच गूळ बारीक कुटून टाकावा. कुटलेला गूळ आधी विरघळतो, कारण त्याचा जास्त भाग पाण्याला लागतो. गूळ तेवढाच असतो, पण पाण्याला भिडणारा त्याचा पृष्ठभाग वाढलेला असतो.

आता हिशेब पाहा. एक सेंटिमीटर बाजूच्या घन तुकड्याचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर असतो. त्याचेच एक मिलिमीटर बाजूचे तुकडे केले तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग 60 चौरस सेंटिमीटर होतो. दहा नॅनोमीटरचे तुकडे केले तर तो 600 चौरस मीटर होतो, म्हणजे जवळपास सहा गुंठे! बोटाच्या पेराएवढ्या धातूचा तुकडा सहा गुंठ्यांएवढ्या पृष्ठभागाने काम करू लागतो. नॅनोची सगळी ताकद या हिशेबात आहे. थोड्या धातूत जास्त काम व्हावे, ही यामागची मुख्य आशा आहे.

कण बुरशीला काय करतात?

रोगनियंत्रणासाठी मुख्यतः चांदी, तांबे, जस्त आणि कायटोसान यांच्या नॅनोकणांवर अभ्यास होतो.

चांदी आणि तांब्याच्या कणांमधून त्या धातूचे विद्युतभारित अणू, म्हणजे आयन, हळूहळू सुटतात. ते बुरशीच्या पेशीच्या आवरणाला इजा करतात, आतल्या प्रथिनांचे काम बिघडवतात आणि पेशी मरते. जस्ताच्या ऑक्साइडचे कामही साधारण याच मार्गाने चालते. कायटोसान मात्र वेगळे. ते कोळंबी आणि खेकड्याच्या कवचापासून काढतात. पालघरच्या किनाऱ्यावर कोळंबी सोलल्यावर जी टरफले फेकून देतात, त्यात याचा कच्चा माल असतो. कायटोसान बुरशीला थोडे रोखते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे झाडाला सावध करते. रोग आला असे समजून झाड स्वतःची संरक्षक द्रव्ये तयार करू लागते.

धातूने बुरशी रोखण्याची कल्पना नवी नाही. फ्रान्समधील बोर्दो भागात रस्त्याकडेची द्राक्षे लोक तोडून खात. ती खाण्याजोगी दिसू नयेत म्हणून बागायतदार त्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण शिंपडत. केवडा रोगाने बाकीची बाग झडली, पण रस्त्याकडेच्या वेली हिरव्या राहिल्या. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे यांनी हे पाहिले, प्रयोग केले आणि 1885 मध्ये प्रसिद्ध केले. आज आपण ज्याला बोर्डो मिश्रण म्हणतो ते हेच.

एक टक्का बोर्डो मिश्रणात 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो कळीचा चुना लागतो. मोरचुदात साधारण चौथा हिस्सा तांबे असते. म्हणजे प्रत्येक लिटर फवाऱ्यात सुमारे अडीच ग्रॅम तांबे जाते. वर्षानुवर्षे फवारले तर ते मातीत साठते. यापेक्षा पुष्कळ कमी तांब्यात काम भागले तर मातीवरचा भार कमी होईल, म्हणूनच शास्त्रज्ञ नॅनो तांब्याच्या मागे लागले आहेत.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या कृषी प्रयोग केंद्रात वेड एल्मर आणि जेसन व्हाइट यांनी केलेले काम या विषयात महत्त्वाचे मानले जाते. मातीतील बुरशीमुळे मर येणाऱ्या वांगी, टोमॅटो अशा पिकांच्या लहान रोपांवर त्यांनी कॉपर ऑक्साइडचे नॅनोकण फवारले. तेच द्रव्य मोठ्या कणांत वापरले त्यापेक्षा नॅनोकणांनी रोपे चांगली टिकली. तांबे हे झाडाचे सूक्ष्म अन्नद्रव्यही आहे. ते योग्य वेळी मिळाल्याने झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती वाढते, असा त्यांचा विचार आहे. यात एक गोष्ट ध्यानात घ्या. उपचार रोपे लहान असताना, रोग लागण्याआधी केला होता. गड्डा कुजल्यावर नव्हे.

काचेची बशी आणि श्रावणातला वाफा

मी जे लेख वाचले होते, त्यांतील बहुतेक प्रयोग काचेच्या बशीतले होते. बटाट्याचा अर्क, साखर आणि अगर यांची खीर बशीत ओततात. एका बशीत औषध मिसळतात, दुसरी तशीच ठेवतात. दोन्हींच्या मध्यभागी बुरशीचा छोटा तुकडा ठेवून वाढ मोजतात. साध्या बशीत बुरशी 80 मिलिमीटर पसरली आणि औषधाच्या बशीत 20 मिलिमीटर, तर वाढ 75 टक्के रोखली असे लिहितात. हे गणित खरे आहे. पण त्याचा अर्थ 75 टक्के पीक वाचेल असा होत नाही, आणि मी नेमका तसा घेतला होता.

बशीत पाऊस नसतो, चिकणमाती नसते, शेणखत नसते. कण आणि बुरशी यांची तिथे थेट गाठ पडते. शेतात फवारा पानावर पडतो आणि श्रावणाची सर त्याला धुऊन नेते. मातीत गेलेले कण मातीला आणि कुजलेल्या पालापाचोळ्याला चिकटतात, एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात. गोळा झाला की तो नॅनो राहत नाही, कुटलेल्या गुळाचा पुन्हा खडा व्हावा तसे होते.

दुसरी गोष्ट मात्रेची. हा हिशेब प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा कागदावर करून पाहावा. एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम द्रव्य म्हणजे एक पीपीएम. बशीतल्या अनेक प्रयोगांत चांदीचे प्रमाण 50, 100 किंवा त्याहून जास्त पीपीएम असते. आमच्या बाटलीवर 500 पीपीएम लिहिले होते. आकडा मोठा वाटतो. पण लिटरला 2 मिलीप्रमाणे 15 लिटरच्या पंपात आम्ही 30 मिली औषध टाकत होतो. त्या 30 मिलीत चांदी 15 मिलिग्रॅम. ती 15 लिटरमध्ये पसरली म्हणजे प्रत्येक लिटरला 1 मिलिग्रॅम, अर्थात 1 पीपीएम! आख्खी पाव लिटरची बाटली एका पंपात ओतली असती तरी प्रमाण 8 पीपीएमच्या आसपासच राहिले असते. लेखात 100 आणि पंपात 1. हा हिशेब मी बाटली घेण्याआधी पाच मिनिटांत करू शकलो असतो.

यावर कोणी म्हणेल, मग मात्रा वाढवा. तसे करू नये. जास्त मात्रेत धातूचे कण पिकाची मुळे आणि कोवळी पाने यांनाही अपाय करू शकतात, आणि मातीतल्या उपयोगी जीवांनाही. मात्रा आपण अंदाजाने ठरवायची नसते.

आमच्या वाफ्यात खरे काय झाले होते?

हळदीच्या कंदकुजीला मुख्यतः पिथियम नावाचे सूक्ष्मजीव कारण असतात. बोलताना आपण त्यांना बुरशी म्हणतो, पण शास्त्रीयदृष्ट्या ते खऱ्या बुरशीपेक्षा वेगळे आहेत. त्यांचे बीजाणू पाण्यात पोहतात. पाणी साचलेली जमीन हीच त्यांची वाट. आमचा तुकडा भातखाचराला लागून होता. भाताला हवे म्हणून अडवलेले पाणी रात्रंदिवस हळदीच्या मुळाशी झिरपत होते. बेणेही आम्ही निवडून घेतले नव्हते, त्यातले काही गड्डे आतून डागी असणार. रोग बेण्यातून आला, पाण्याने पसरला. कुजलेल्या गड्ड्यांत कंदमाशीच्या अळ्याही सापडल्या.

असा रोग जमिनीखाली गड्ड्यात बसलेला असताना आम्ही वर पानांवर एक पीपीएम चांदी फवारत होतो. पाय सुजला असताना डोक्याला लेप लावावा, असा तो प्रकार झाला. बाटलीत लिहिल्याइतकी चांदी होती की नव्हती, हे मी तपासून घेतलेले नाही, म्हणून औषध खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण ते खरे असते तरी उपयोग झाला नसता. मावशींचा हातही खोटा नव्हता. चूक निदान न करता औषध सांगणाऱ्याची होती.

आले लावणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. आल्यात जिवाणूमुळेही मर येते आणि ती वरवर कंदकुजीसारखीच दिसते. ताज्या रोगट खोडाचा तुकडा काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात न हलवता धरावा. कापलेल्या भागातून काही मिनिटांत दुधासारखी धार उतरली तर रोग जिवाणूचा समजावा. त्यावर बुरशीचे औषध मारून पैसे घालवू नयेत.

दुसऱ्या वर्षी काय केले?

दुसऱ्या वर्षी गट पुन्हा हळद लावायला तयार होईल असे मला वाटले नव्हते. मावशी म्हणाल्या, “बी आमच्याकडे आहे, जागा बदलू. पण या वेळी आधी सांगा, मग करा.” त्यांचे म्हणणे रास्त होते. बैठकीत सगळ्यांनी मिळून पुढील गोष्टी ठरवल्या.

1. जागा बदलली. माळाच्या उताराचा, पाणी न थांबणारा तुकडा घेतला. जिथे हळद कुजली तिथे पुढची दोन-तीन वर्षे हळद किंवा आले लावायचे नाही असे ठरले.

2. गादीवाफे उंच केले आणि उताराच्या बाजूने चर काढला. दगड वेचण्यातच आठ दिवस गेले. सगळ्या कामात हेच सर्वांत कष्टाचे, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे होते.

3. बेणे वरच्या बाजूच्या निरोगी वाफ्यांतलेच ठेवले होते, तेच निवडून घेतले. प्रत्येक गड्डा हातात घेऊन पाहिला. मऊ, डागी, कुबट वासाचा गड्डा बाजूला काढून जाळला. म्हाताऱ्या आजींचे नाक या कामात आमच्यापेक्षा तरबेज निघाले.

4. लागवडीआधी ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळली. एकराला 2 किलो ट्रायकोडर्मा आणि 100 किलो शेणखत हे प्रमाण धरले. ओलसर ठेवून, गोणपाटाने झाकून, सावलीत आठवडाभर ठेवले आणि मग वाफ्यात टाकले. ट्रायकोडर्मा रोगकारक बुरशीची जागा आणि अन्न बळकावते, काहींना तर खाऊनही टाकते.

5. पावसात दर चार दिवसांनी एकीने वाफे फिरून पाहायचे. पिवळे झाड दिसले की गड्ड्यासकट उपटून शेताबाहेर न्यायचे. त्या जागी आणि भोवताली एक टक्का बोर्डो मिश्रणाची आळवणी करायची.

बोर्डो मिश्रण करताना मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवावा, लोखंडी भांडे घेऊ नये. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत ओतत ढवळावे. तयार मिश्रणात स्वच्छ लोखंडी विळा थोडा वेळ बुडवावा. त्यावर तांबूस थर आला तर आणखी चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. ज्या जागी ट्रायकोडर्मा नुकतेच टाकले आहे तिथे लगेच बोर्डो ओतू नये. तांबे किंवा चांदी चांगली बुरशी आणि वाईट बुरशी यांत भेद करत नाही.

त्या वर्षीही रोग अजिबात आला नाही असे नाही. पाच-सहा ठिकाणी झाडे उपटावी लागली. पण तो पसरला नाही, आणि फेब्रुवारीत हळद काढताना सगळ्या वाफ्यांत गड्डे मिळाले. एका पाड्यावरचा एका वर्षाचा अनुभव म्हणजे सिद्धांत नव्हे, हे मला कळते. पाऊस वेगळा होता, जागाही वेगळी होती. पण उताराची जागा, निचरा आणि निरोगी बेणे यांचा खर्च मुख्यतः आपल्या अंगमेहनतीचा होता. त्यासाठी गटाच्या पेटीला फारसा हात लावावा लागला नाही.

औषधी पिकाची वेगळी जबाबदारी

भाजी आपण धुऊन, शिजवून खातो. तुळशीचे पान मात्र लहान मूलही तसेच चावते, आजारी माणूस त्याचा काढा पितो. सफेद मुसळीच्या मुळ्या वाळवून, दळून औषधात जातात. ज्याला आपण औषध म्हणून विकतो, त्यावर काय फवारले याचे उत्तर आपल्यापाशी असलेच पाहिजे.

आयुर्वेदिक औषधांसाठी शिसे 10, आर्सेनिक 3, पारा 1 आणि कॅडमियम 0.3 पीपीएमपेक्षा जास्त नसावे अशा मर्यादा ठरलेल्या आहेत. मोठे खरेदीदार माल तपासून घेतात. चांदी किंवा तांबे या चार धातूंत नाहीत, म्हणून ते हवे तसे वापरावे असे नाही. रोज तोडायच्या पानांवर धातूचे कण फवारणे मला तरी पटत नाही. तुळशीवर ठिपके आले तर आधी दाटी कमी करावी, रोगट फांद्या काढाव्यात, पाणी पानांवर न टाकता मुळाशी द्यावे.

दुसरी काळजी ओढ्याची. पंप ओढ्यात धुण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. चांदी आणि तांबे दोन्ही पाण्यातील जीवांना फार घातक. पावसाळ्यात त्याच ओढ्यातले मासे आणि खेकडे पाड्यावर कालवणाला येतात. पंप शेतातच, पाणवठ्यापासून दूर धुवावा. फवारताना नाकातोंडाला फडके बांधावे. कोरडी भुकटी तर उघड्या तोंडाने हाताळूच नये, कारण इतके बारीक कण श्वासाबरोबर खोलवर जातात.

गटातल्या एका शिकलेल्या मुलीने विचारले, “सर, कडुलिंबाच्या पाल्यापासून चांदीचे नॅनोकण करतात म्हणे. आपण घरी करू का?” तिचे वाचन बरोबर होते. कडुलिंब, तुळस अशा पानांच्या अर्कात सिल्व्हर नायट्रेट मिसळले की रंग तपकिरी होतो आणि कण तयार होतात. पण रंग बदलला एवढ्यावरून कण किती मोठे, किती प्रमाणात, हे कळत नाही. त्याला प्रयोगशाळेतली यंत्रे लागतात. शिवाय सिल्व्हर नायट्रेट कातडीवर काळे डाग पाडते, डोळ्यांत गेले तर गंभीर इजा करते. म्हणून मी तिला सांगितले, हा प्रयोग कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसमोर कर, चुलीपाशी नको. तिला विज्ञान शाखेत पाठवायची चर्चा आता घरी चालू आहे.

बाटली हातात आली तर

‘नॅनो’ हा शब्द बाटलीत काय आहे ते सांगत नाही. नॅनो युरिया 2021 पासून आपल्याकडे मिळू लागला. ते खत आहे, त्याने रोग जात नाही. तरी दोन्ही नावांत नॅनो असल्याने पाड्यावर गोंधळ होतो. नॅनो शेती-उत्पादनांची तपासणी कशी करावी, यासाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2020 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पिकावरचा रोग मारण्याचा दावा करून विकले जाणारे औषध कीटकनाशक कायदा, 1968 खाली नोंदलेले असावे लागते. आमच्या बाटलीवर नोंदणी क्रमांक नव्हता, ‘पीक आरोग्यवर्धक’ एवढेच लिहिले होते. तेही मी पाहिले नव्हते.

म्हणून बाटली घेण्याआधी विक्रेत्याला आणि स्वतःला हे प्रश्न विचारा. पाड्यावरच्या बैठकीत ते मोठ्याने वाचून दाखवले तर अधिक चांगले.

1. माझ्या पिकाला नेमका कोणता रोग आहे? कोणी पाहून सांगितला?
2. बाटलीवर नोंदणी क्रमांक आहे का? विषारीपणा दाखवणारा रंगीत चौकोन आहे का?
3. त्यावर माझ्या पिकाचे आणि रोगाचे नाव लिहिले आहे का?
4. आत कोणते द्रव्य, किती प्रमाणात? पंपात टाकल्यावर किती पीपीएम उरते?
5. फवारल्यावर किती दिवसांनी तोडणी करायची?
6. हे शेतात तपासले आहे, की फक्त बशीत?
7. पक्के बिल मिळेल का?

यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर टाळले गेले तर पैसे पेटीतच राहू द्यावेत. रोगट झाडाचा नमुना कागदात गुंडाळून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्यावा. पॅक पिशवीत ओला नमुना ठेवू नये, तो वाटेतच सडतो.

आणि नोंदणी असलेले, आपल्या पिकासाठी शिफारस केलेले औषध पुढे कधी मिळाले, तरी सगळ्या शेतावर एकदम मारू नये. दोन वाफ्यांवर मारावे, शेजारचे दोन तसेच ठेवावेत, खुंट्यांना वेगवेगळ्या रंगाच्या चिंध्या बांधाव्यात. हंगामाअखेर दोन्हीकडचे गड्डे वेगळे तोलावेत. शास्त्रज्ञ बशीत जे करतात तेच आपण वाफ्यात करायचे. त्याला लिहिता-वाचता येण्याची गरज नाही, तराजू आणि प्रामाणिकपणा पुरतो.

नॅनोकणांवर जगभर संशोधन चालू आहे आणि त्यातून उद्या आपल्या लोकांच्या उपयोगाचे काही निघेल अशी मला आशा आहे. कमी तांबे, कमी विष, झाडाची स्वतःची ताकद वाढवणारे कायटोसान, या गोष्टी खरोखर हव्या आहेत. पण त्या येतील तेव्हाही निचरा आणि बेणे यांची जागा त्या घेणार नाहीत.

यंदा अक्षय्य तृतीयेनंतर बेणे निवडायला बसलो तेव्हा मावशींना मी त्यांच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर दिले. म्हटले, “मावशी, हात तुमचा खरा होता. मीच आधी विचारलं नाही.” त्यांनी मान हलवली आणि हातातला एक मऊ गड्डा माझ्यापुढे धरला. “मग आता हा बघा,” म्हणाल्या, “घ्यायचा का टाकायचा?”

आम्ही तो टाकला.